मेथी उभी आहे, पुण्यात रविवारी कुठे विकता येईल?

सासवडचा भाचा (शुक्रवार, सकाळी)
मदत हवी आहे, लवकर हवी आहे. मामाची मेथी काढायला आली आहे. गेल्या खेपेला आडत्याकडे पाठवली, तर हमाली आणि टेम्पोभाडं वजा जाता जुडीला दोन रुपये सुटले. त्याच संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावर जुडी वीसला. मग मी स्वतः एका चौकात घेऊन बसलो, तर तिथल्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी उठवलं. त्यांची जागा, त्यांचंही चुकलं नाही. तर शेतकऱ्यांचे ते आठवडे बाजार असतात तिथे कसं शिरायचं? कोणाला भेटायचं? कृपया कविता करू नका, पत्ता सांगा.

बाणेरची वहिनी
अय्या, ताजी मेथी! बाणेरला घरपोच देता का? चार जुड्या.

खोडद बुद्रुक
किती जुड्या, कधीची पेरणी, सातबारा कोणाच्या नावावर, गाडी कोणती? एवढं लिहिलं असतंत तर एव्हाना उत्तर मिळालं असतं.

सासवडचा भाचा
सातबाऱ्याचा काय संबंध? भाजी विकायची आहे, जमीन नाही.

खोडद बुद्रुक
संबंध आहे. आठवडे बाजारात शेतकऱ्याचा गट किंवा उत्पादक कंपनी बसते. तुमच्यासारखा शहरातला भाचा क्रेट घेऊन उभा राहिला की आयोजक आधी व्यापारीच समजतो, कारण बरेचदा तो व्यापारीच असतो. आम्ही तीन वर्षं बसतोय. आमच्याकडे सातबारा, आधार आणि गटाचं पत्र मागितलं होतं. सासवडकडचा एखादा गट आधीपासून पुण्यात येत असेल, त्यांच्या टेबलावर मामांची मेथी ठेवा. नवी जागा रविवारपर्यंत मिळणार नाही, आशा सोडा.

निवृत्त पण सतर्क
मुळात हा प्रश्न यायलाच नको होता. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. बाजार समितीच्या आवाराबाहेर कुठेही विका, कोणी अडवू शकत नाही. त्याच वर्षी राज्याच्या पणन (शेतमाल विक्री) मंडळाचं संत सावता माळींच्या नावाचं आठवडे बाजार अभियानही निघालं. लोक वाचतच नाहीत.

खोडद बुद्रुक
काका, नियमनमुक्त म्हणजे रस्त्यावर कुठेही टोपली मांडायची मुभा नव्हे. समितीचं बंधन गेलं, फुटपाथ मिळाला नाही.

निवृत्त पण सतर्क
मी कुठे म्हटलं फुटपाथ?

चारमिनार मराठी
इकडे हैदराबादला १९९९ पासून रयतु बाजार, म्हणजे शेतकऱ्यांचे बाजार आहेत. शेतकऱ्याला ओळखपत्र, बांधलेले गाळे, दारात दिवसाचे भाव लिहिलेला फळा. तमिळनाडूत त्याच वर्षी असेच उळवर संदै सुरू झाले, पहिला मदुराईत. चंदीगडची अपनी मंडी तर १९८७ ची. आपल्याकडे मात्र मोकळ्या मैदानात मंडप ठोकायचा आणि पाऊस आला की पळायचं.

सासवडचा भाचा
मेथी हैदराबादला नेऊ का?

सेंद्रिय सखी
विषमुक्त असेल तर ‘सेंद्रिय’ असा बोर्ड लावा, सोसायटीतले लोक दुप्पट देतात. माझा अनुभव आहे.

खोडद बुद्रुक
आणि कोणी प्रमाणपत्र विचारलं तर?

सासवडचा भाचा
युरिया एकदा टाकलाय. बोर्ड नको.

सेंद्रिय सखी
मग मेथी कुंडीतच लावावी माणसाने. मी गच्चीवर तीन ट्रे लावलेत, फोटो टाकते.

आडतीतला अण्णा
माझा गाळा आहे, म्हणून शिव्या खाणार हे माहीत आहे, तरी लिहितो. पुण्याचा घाऊक बाजार, म्हणजे गुलटेकडीचं यार्ड, शनिवारी बंद. त्यामुळे रविवारी दोन दिवसांचा माल एकदम येतो आणि पालेभाजीचा शेकड्याचा (शंभर जुड्यांचा) भाव पडतो. भाचेसाहेब, तुमची मागची गाडी कोणत्या वारी गेली होती?

सासवडचा भाचा
रविवारी.

आडतीतला अण्णा
झालं. मग आडत्याला कशाला दोष? आणि जुड्या किती ते अजून सांगितलं नाहीत.

सासवडचा भाचा
दहा गुंठे. अडीच हजार तरी निघतील. मंगळवारपर्यंत नाही काढली तर फुलावर जाईल, मामा म्हणतो.

खोडद बुद्रुक
अहो!! अडीच हजार? आम्हाला वाटलं दोनशे-तीनशे. आमच्या टेबलावर चांगल्या दिवशी सगळ्यांची मिळून दोनशे मेथी जाते. एकाच दिवशी दहा गुंठे कोण पेरतं? दोन-दोन गुंठे आठ दिवसांच्या अंतराने टाकायचे, मग दर रविवारी तेवढीच निघते. ते पुढच्या वेळी. आता वाटणी करा: थोडी सोसायट्यांत, थोडी गटाकडे, उरलेली सोमवारी यार्डात. सगळी थेट विकण्याचा हट्ट धरलात तर अर्धी घरच्या गुरांना जाईल.

आडतीतला अण्णा
हे मी म्हटलं असतं तर दलाल म्हणाले असते. सोमवारचं पटलं.

माहेर पिंपळे
काढणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. आई आमची मेथी सकाळी उपटायची, दव असताना नाही, दव उतरल्यावर. मुळं झटकून माती काढायची, जुडी सैल बांधायची. वर ओलं गोणपाट, पण जुडीवर पाणी मारायचं नाही. बाहेरून हिरवीगार दिसते आणि दोन तासांत मधली पानं पिवळी, चिकट. गिऱ्हाईक जुडी उलगडून मधलंच पान बघतं. काढायला बाया शेकड्यावर घेता की रोजंदारीवर? शेकड्यावर असेल तर जुडी बारीक होते, लक्ष ठेवा.

बाणेरची वहिनी
मुळं काढून देता का? आमच्या कामवाल्या ताईंना निवडायला वेळ नसतो.

सासवडचा भाचा (रविवार, रात्री)
अपडेट. दोन सोसायट्यांच्या गेटवर सकाळी सात ते साडेदहा बसलो, दोन्हीकडे आदल्या दिवशी अध्यक्षांना विचारून. एका ठिकाणी वॉचमनच्या बायकोने स्वतः दहा जुड्या घेऊन बाकीच्यांना हाका मारल्या. ३८० गेल्या, पंधराला एक. सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न: ‘कोथिंबीर नाही का?’ सासवडच्या गटाला १५० दिल्या, पैसे बुधवारी. उरलेली उद्या पहाटे अण्णांकडे. माहेर पिंपळे, तुमचं बरोबर होतं: दुसऱ्या सोसायटीत टेम्पोवाल्याने न विचारता बादलीभर पाणी ओतलं, त्यातल्या पन्नास-साठ फेकाव्या लागल्या. वहिनी, तुमच्या चार ठेवल्या होत्या, तुम्ही फोनच उचलला नाहीत.

आडतीतला अण्णा
पाचच्या आत या. साडेसहानंतर पालेभाजीला गिऱ्हाईक नसतं.

निवृत्त पण सतर्क
३८० गुणिले पंधरा म्हणजे ५७००. यात तुमची साडेतीन तासांची मजुरी धरली का?

सासवडचा भाचा
नाही. मामा म्हणाला भाच्याची मजुरी नसते.

बाणेरची वहिनी
अहो, अनोळखी नंबर होता. पुढच्या रविवारी कोथिंबीर आहे का?