मानवतेविरुद्धचे गुन्हे: रोम असताना आणखी करार कशाला?

तळटीप:
मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर (नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्यात केलेल्या हत्या, छळ वगैरे) संयुक्त राष्ट्रांत नवा करार होऊ घातलाय. त्यावर कालच्या धाग्यात एकाने लिहिलंय, 'रोम संविधी आहे, आयसीसी आहे, नवा करार म्हणजे मुत्सद्द्यांची न्यूयॉर्कवारी.' उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा. रोम, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय (आयसीसी) उभारणारा करार, त्या न्यायालयापुरताच आहे. एका देशाने दुसऱ्याकडे संशयित मागितला, साक्षीदाराचा जबाब मागितला, तर त्या दुसऱ्याने काय करायचं? रोममध्ये शून्य. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2019 मध्ये केलेल्या नव्या कराराच्या मसुद्यातल्या 15 कलमांपैकी कामाची हीच: दहावं (खटला चालवा नाहीतर सोपवा), तेरावं (प्रत्यार्पण), चौदावं आणि परिशिष्ट (पुराव्यासाठी सहकार्य). व्याख्या रोमच्या सातव्या कलमातून जवळजवळ जशीच्या तशी उचललीये, त्यावर कृपया डोकं खाऊ नका.

अर्धविराम:
खाणारच. पण व्याख्येवर नाही, तुम्ही सोयीस्करपणे गाळलेल्या पंधराव्यावर. देशादेशांतले वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात (आयसीजे, आयसीसी नव्हे) न्या म्हणतं, आणि तिसऱ्या परिच्छेदात 'हे आम्हाला बंधनकारक नाही' असं जाहीर करून सटकायची मुभा देतं. ज्यांना धरायचं तेच आधी सटकणार.

तळटीप:
छळविरोधी कराराच्या तिसाव्या कलमातही हीच पळवाट आहे. तरी सेनेगलमध्ये राहणारा चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याच्यापायी बेल्जियमने सेनेगलला त्याच करारावर न्यायालयात खेचलं आणि 2012 मध्ये जिंकलं. हाब्रेला 2016 मध्ये जन्मठेप झाली. आता उलट बाजू बघा. क्रोएशिया विरुद्ध सर्बिया, 2015: हत्या झाल्या हे न्यायालयाला मान्य, वंशसंहाराचा हेतू सिद्ध नाही. अधिकार मिळाला होता वंशसंहार कराराच्या नवव्या कलमातून, म्हणजे तेवढ्याच गुन्ह्यापुरता. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर निकाल देताच येईना. भोक इथे आहे.

तिरपागडा:
भोक सहाव्या कलमात आहे, तिकडे कोणी बघत नाही! पाचवा परिच्छेद म्हणतो, पदावर होतो हा बचाव चालणार नाही. झकास. पण आयोगाचंच भाष्य वाचा: परकीय कोर्टापुढच्या इम्युनिटीला (पदामुळे खटल्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाला) याने धक्का लागत नाही. 2002 मध्ये बेल्जियमला काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावरचं वॉरंट मागे घ्यावं लागलं, ते याच इम्युनिटीमुळे. रोमच्या 27 व्या कलमात दोन परिच्छेद आहेत. इथे पहिलाच उतरवला, इम्युनिटी आड येणार नाही म्हणणारा दुसरा गायब.

अर्धविराम:
गायब नाही, मुद्दाम ठेवला नाही. 27(2) आंतरराष्ट्रीय कोर्टासाठी आहे. तेच राष्ट्रीय कोर्टांना दिलं तर शेजारी शेजाऱ्याच्या पंतप्रधानावर वॉरंट काढत बसेल.

तिरपागडा:
मग माजी पंतप्रधानाचं काय? पद गेलं की व्यक्तिगत संरक्षण संपतं. उरतं ते पदावरून केलेल्या कृत्यांपुरतं. त्यावर आयोगाने इम्युनिटीवरच्या दुसऱ्याच मसुद्याच्या सातव्या कलमात या गुन्ह्यांना अपवाद केलाय, 2017 मध्ये, तोही मतदान घेऊन: 21 बाजूने, 8 विरुद्ध. उजव्या हाताने लिहिलेलं डाव्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे?

तळटीप:
धागा इम्युनिटीवर नाही.

तिरपागडा:
मग कशावर आहे? पकडता येत नसेल तर तुमचं प्रत्यार्पणाचं कलम शोकेसमध्ये ठेवा.

तळटीप:
अहो, गुन्हे करणारे सगळे राष्ट्रप्रमुख नसतात! छावणीचा कमांडर, तुरुंगाधिकारी, निमलष्करी टोळीचा म्होरक्या हे परदेशात नाव बदलून राहतात. सातवं कलम सांगतं, संशयित तुमच्या हद्दीत सापडला आणि सोपवत नसाल तर खटल्याचा अधिकार तुमच्या कायद्यात हवाच. आज कित्येक देशांच्या दंडसंहितेत हा गुन्हाच नाही, मग सुट्या खुनाचं कलम लावायचं, आणि 'व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला' आरोपपत्रात येतच नाही. शिवाय खुनाचा खटला भरायला कायद्याने मुदत असेल तर तेही गेलं. सहाव्याचा सहावा परिच्छेद मुदतीची अट काढतो, तो नाही दिसला?

तिरपागडा:
दिसला. पाचव्याच्या खालीच आहे.

अर्धविराम:
बरं, तेरावं-चौदावं हवंत, मान्य. पंधराव्यावर मान्य नाही. करार ठरवायची परिषद 2028 आणि 2029 मध्ये, त्यानंतर सह्या, मग अनुसमर्थन (एकेका देशाची अंतिम मंजुरी). तोवर संशयितांना कळवा, आहात तिथेच थांबा.