शब्दचर्चा: अर्हता, पात्रता, समकक्षता आणि ते 'संरेखित'

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. पदवीनंतर युरोपात शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी आमच्या कॉलेजचं माहितीपत्रक निघतंय आणि त्याचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. वरून आलेल्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य बघा:

'राष्ट्रीय उच्च शिक्षण पात्रता आराखडा हा सामायिक आंतरराष्ट्रीय आराखड्यासोबत संरेखित करण्यात येत आहे.'

यातून कॉलेजातल्या पोराच्या बापाला काय कळणार? 'क्वालिफिकेशन'ला पात्रता म्हणू की अर्हता? 'फ्रेमवर्क'ला आराखडा की चौकट? आणि 'अलाइन'साठी आलेल्या या 'संरेखित'चं काय करू?

कोशवेडी

सर, आधी 'पात्रता' काढा. घोळाचं मूळ तिथंच आहे.

अर्हता म्हणजे तुम्ही शिकून, परीक्षा देऊन मिळवलेली गोष्ट: बी.ए., एम.एस्सी., पीएच.डी. पात्रता नेहमी कशासाठी तरी असते, आणि ती ठरवणारा दुसराच कोणीतरी असतो. एम.ए. ही अर्हता. पण नुसत्या एम.ए.वर सहायक प्राध्यापक होता येत नाही, म्हणून सेट द्यायची, आणि तिचं नावच 'राज्य पात्रता परीक्षा'. किंवा असं बघा, स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा उलटली की पात्रता गेली. बी.ए. काही कोणी घरी येऊन परत नेत नाही.

शब्द जुना आहे. 'अर्ह्' या धातूचा अर्थ योग्य असणं. गीतेतलं 'न त्वं शोचितुमर्हसि' त्यातलंच. आपल्या भागात तर जैन घरांत रोज 'णमो अरिहंताणं' म्हटलं जातं, तो अर्हत् म्हणजे पूजेला योग्य असलेला. पूजार्ह, विचारार्ह हे शब्दही त्याच कुळातले.

मंगळवारपेठी

ताई, व्युत्पत्ती झकास. पण पेपरातल्या जाहिराती उघडा की. 'शैक्षणिक पात्रता: पदवीधर' असंच असतंय. लोकांनी पात्र उचलला, अर्ह टाकून दिला. गुन्हासुद्धा दखलपात्र असतो, दखलार्ह नव्हे. अर्हता म्हटलं की निम्मी पोरं फॉर्म बाजूला ठेवतील.

कोशवेडी

लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता'च छापतात. भरतात की पोरं फॉर्म, आणि किती भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे! रोजच्या बोलण्यात पात्रता चालू दे, माझी हरकत नाही. पण या पत्रकात एकाच पानावर दोन्ही गोष्टी येणार आहेत, तिथं एकच शब्द वापरला तर मुलांचं नुकसान होईल.

'लायकी' कोणी सुचवायच्या आत सांगते, अर्थाने तो बरोबर बसतो, पण कोल्हापुरात तो शब्द फक्त भांडणात निघतो.

उचगावचा पावणा

मी सध्या जर्मनीत शिकतोय, म्हणून हा फरक अंगावर आलेला आहे. इथं 'अनाबिन' नावाची सरकारी माहितीपेढी आहे. आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी इथल्या हिशेबात कुठं बसते ते तिच्यात दिसतं. विद्यापीठाच्या नावापुढं 'एच प्लस' (म्हणजे इथं मान्य असलेलं) दिसलं की घरचे पेढे वाटायला निघतात. पण ती झाली अर्हतेची गोष्ट. मास्टर्सला घ्यायचं की नाही हे ज्या त्या विद्यापीठाचा विभाग ठरवतो. आपली तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चालत नाही.

आणि सर, वाक्यातली वस्तुस्थितीही तपासा. पदव्यांचे टप्पे ठरवणारी युरोपातली सामायिक चौकट बोलोन्या प्रक्रियेतून, म्हणजे उच्च शिक्षण एकमेकांशी जुळतं करण्याच्या युरोपीय देशांच्या उपक्रमातून आली. १९ जून १९९९ ला २९ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि २००५ मध्ये बर्गेनच्या बैठकीत चौकट स्वीकारली. प्रत्येक सदस्य देश आपली राष्ट्रीय चौकट तिच्याशी जुळते का ते बाहेरचे तज्ज्ञ सोबत घेऊन तपासतो आणि तसं जाहीर करतो. भारत त्या प्रक्रियेचा सदस्यच नाही. मग 'संरेखित करण्यात येत आहे' हे कोण करतंय? आपल्याकडं राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर यूजीसीने स्वतःची चौकट केली, तिच्यामुळं तुलना सोपी होते, एवढंच म्हणता येईल.

राजारामपुरीकर

हे बरं झालं. मग स्तरांचा तक्ता देऊ का? आपला ६ म्हणजे त्यांचा ६?

उचगावचा पावणा

नाही! तीच तर मेख आहे. आपल्या चौकटीत ४.५ पासून ८ पर्यंत स्तर आहेत: तीन वर्षांची पदवी ५.५, चार वर्षांची ऑनर्स ६, एम.ए., एम.एस्सी. ६.५ आणि पीएच.डी. ८. युरोपियन युनियनची आठ स्तरांची चौकट आपल्याहूनही वेगळी आणि बोलोन्याच्या चौकटीहूनही. तिच्यात बॅचलर ६, मास्टर ७, डॉक्टरेट ८. पीएच.डी.चा आकडा जुळतो म्हणून खालचेही जुळतील असं नाही.

श्रेयांकाचंही (क्रेडिटचंही) तेच. आपल्याकडं वर्षाला ४० श्रेयांक, प्रत्येकी ३० तास, म्हणजे १२०० तास. युरोपात वर्षाला ६०, प्रत्येकी २५ ते ३० तास, म्हणजे १५०० ते १८०० तास. आपल्या तीन वर्षांचे १२० आणि त्यांचे १८० शेजारी ठेवले की पोरं घाबरतात, 'साठ कमी पडले' म्हणतात. काही जण सरळ दीडने गुणून टाकतात. वर्षाला वर्ष धरलं तर आकडा येतो, तासाला तास धरलं तर येत नाही.

गूळवाला, शाहूपुरी

आमच्यात गुळाचा रवा (ढेप) एक किलोचाही असतोय आणि तीस किलोचाही. 'शंभर रवे पाठवा' म्हटलं तर आम्ही आधी 'कुठला?' म्हणून विचारतो.

कोशवेडी

पत्रकात घ्या हे, सर! आणि 'स्तर'च ठेवा. 'श्रेणी' वापरलीत तर मुलं ती गुणपत्रिकेतली ए, बी, सी समजतील.

आता संरेखित. हा शब्द शाळेच्या भूमितीतल्या 'एकरेषीय'चा चुलतभाऊ वाटतो. आपण काय करतो? जुळवून पाहतो. दोन चौकटी समोरासमोर ठेवायच्या आणि इकडचा कुठला स्तर तिकडच्या कुठल्या स्तरासमोर येतो ते पाहायचं, ही 'जुळवणी'. 'समकक्षता' त्यापुढची, एका ठरावीक पदवीबद्दलचा निर्णय. परदेशी पदव्यांना आपल्याकडं ती देण्याचं काम वर्षानुवर्षं भारतीय विद्यापीठ संघ करत आला, २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतंत्र विनियम काढले. 'मान्यता' शब्द मात्र जपून वापरा. मराठीत कॉलेजला मान्यता असते, अभ्यासक्रमाला असते, आणि पदवीलाही असते.

मंगळवारपेठी

पण ब्रिटनबरोबर करार झालाय ना? मग तिथं तरी मान्यता म्हणा की.

उचगावचा पावणा

झालाय, जुलै २०२२ मध्ये, पदव्या परस्पर मान्य करण्याचा. पण इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर हे सगळं त्यातून वगळलंय. मान्यता म्हटलं की डॉक्टर पोराचा बाप समजणार, पोरगं लंडनला दवाखाना टाकणार.

राजारामपुरीकर

आराखडा की चौकट, ते राहिलंच.

कोशवेडी

आराखडा म्हणजे पुढं काय करायचं त्याची आखणी. अंबाबाई मंदिराचा विकास आराखडा म्हटल्यावर आपल्याला काय दिसतं? व्हायची असलेली कामं. इथं करायचं काही नाही, असलेल्या पदव्या जागेवर बसवायच्या आहेत. चौकट बरी. अभ्यासक्रमाच्या बाबतीत सरकारदरबारी 'आराखडा' रुळलाय, तो तिथं राहू दे.

राजारामपुरीकर

मग असं करतो:

'आपल्या पदव्यांचे स्तर ठरवणारी राष्ट्रीय अर्हता चौकट आता तयार आहे. ती परदेशी चौकटींशी जुळवून पाहिली की आपली पदवी तिकडच्या कोणत्या स्तरासमोर येते याचा अंदाज येतो. प्रवेशासाठी तुम्ही पात्र आहात की नाही, हे मात्र ते विद्यापीठच ठरवते.'

मंगळवारपेठी

आता कळलं. अर्हतासुद्धा पचली. पण 'अर्हता चौकट' वाचताना जीभ अडखळते हो.

कोशवेडी

'अर्हतांची चौकट' करा. एकीची नाहीच ती. आणि 'अंदाज'खाली जाड रेघ मारा.