खर्ज, ढाला की घोगरा?

निषादवेडा: सिस्टर्स ऑफ मर्सी या रॉक बँडच्या ‘फ्लडलँड’ (1987) या अल्बमच्या परिचयात गायक अँड्र्यू एल्ड्रिचचा आवाज ‘खर्जातला’ असं लिहिलं होतं. तपासताना त्याचं ‘घोगरा’ झालं. बरोबर काय?

काळी_एक: घसा बसला की आवाज घोगरा होतो. एल्ड्रिचचा बसलेला नाही, खालचा आहे. पण खर्जही नको. खर्ज म्हणजे मंद्र सा. काळी एक या पट्टीचा मध्य सा साधारण 139 हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, 69. अख्खं गाणं तिथे कोण गातं? ‘ढाला’ लिहा, म्हणजे खालच्या पट्टीचा.

मुळाक्षर: ढाला तबल्याला शोभतो. ‘खर्ज’ मुळात षड्जच, ष चा ख झालेला. तुमच्या हिशेबाने मग तार सा पण खर्जच की! ‘खर्जातला आवाज’ म्हणताना कुणी हर्ट्झ मोजत नाही.

काळी_एक: गवयांचे आवाजही ढाले असतात हो.

फीडबॅक: घोगऱ्याच्या जवळ जाणारं उदाहरण हवं तर स्किनी पपी या बँडचा ‘टू डार्क पार्क’ (1990) हा अल्बम घ्या. पण त्यांचा गायक ओगरच्या आवाजाला मी ‘फाटका’ म्हणेन, तोही मुद्दाम फाडलेला. फाडायचा कसा? मूळ आवाजाची प्रत काढायची, 150 हर्ट्झच्या खालचं कापायचं, स-श दाबायचे, मग डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट. स-श नंतर दाबून उपयोग नाही, तोवर त्यांची फुसफुस झालेली असते. डिस्टॉर्शनमध्ये हळू-मोठं सगळं एका पातळीला येतं, त्यामुळे दोन ओळींमधला श्वासही ओळीइतकाच ऐकू येतो. म्हणून गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट, आधीच लावायचा. शेवटी ही प्रत मूळ आवाजाखाली मिसळायची. नुसती फाटकी ठेवली तर व्यंजनं जातात, उरतो गुरगुराट.

मुळाक्षर: फाटका खिसा असतो. ‘विरूपित’ म्हणा.

फीडबॅक: विरूपित म्हटलं की रेकॉर्डिंगवाला विचारणार, “म्हणजे फाटला ना?”

निषादवेडा: एल्ड्रिचचं राहिलंच. याच अल्बममधल्या ‘दिस करोजन’ या गाण्यात त्याच्यामागे चाळीस जणांचा कोरस आहे, आणि ताल डॉक्टर अ‍ॅव्हलांच नावाच्या ड्रम मशीनचा. एवढ्या गर्दीत त्याचा आवाज वेगळा राहतो तो खालच्या पट्टीमुळेच.

मुळाक्षर: कोरस नव्हे, गायकवृंद.

फीडबॅक: हे मात्र पटलं. कोरस नावाचा इफेक्टही असतो: आवाजाची प्रत 20-30 मिलिसेकंद मागे ठेवून तिचा सूर किंचित हलवायचा. ‘मागे कोरस आहे’ एवढंच लिहिलं तर माणसं की यंत्र, कळत नाही.

काळी_एक: आणि ढाला?