अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनाला मराठीत काय म्हणावं?

मिरजकर:
तासगाव तालुक्यातल्या शाळांसाठी अणुऊर्जेवर एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली आहे. माझं काम ट्रॉम्बेला, भट्टीतून बाहेर आलेल्या इंधनाची तपासणी करण्याचं. तिथे सगळे 'स्पेंट फ्युएल' म्हणतात आणि कुणाचं अडत नाही. नववी-दहावीच्या मुलांसाठी मात्र मराठी शब्द हवा. अणुकचरा, जळालेलं इंधन, संपलेलं इंधन, भुक्तशेष इंधन, वापरलेलं इंधन एवढे पर्याय माझ्या वाचनात आले आहेत. शब्द थोडा रुक्ष असला तरी चालेल, पण त्यावरून मुलांचा चुकीचा समज व्हायला नको.

कराडचे गुरुजी:
ताई, वर्तमानपत्रांत सर्रास 'अणुकचरा' येतं. मुलांच्या कानावरून गेलेला शब्द आहे, तोच ठेवा. रुळलेला शब्द काढून नवा बसवायला फार वर्षं जातात.

वाईकर:
'भुक्तशेष' म्हणजे शब्दशः खाऊन उरलेलं, म्हणजे उष्टं. हिंदीतल्या सरकारी कागदांत तो चालतो, मराठी मुलांच्या तोंडी बसायचा नाही. आमच्या गावात विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली शास्त्राचे कितीतरी शब्द घडले आणि त्यातले पुष्कळ टिकलेही. पण विश्वकोशातला 'विक्रियक' मागे पडला आणि लोकांनी 'अणुभट्टी' उचलली, कारण भट्टी सगळ्यांनी पाहिलेली असते. माझं मत 'वापरलेलं इंधन' या साध्या शब्दाला.

वाळव्याहून:
मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे रस काढून उरतं ते चिपाड. तेच बॉयलरला जाळतो, म्हणजे वाया काही जात नाही. 'इंधनाचं चिपाड' म्हटलं तर आपल्या भागातल्या पोरांना लगेच कळेल. विचार करा.

मिरजकर:
दादा, चिपाड शब्द मलाही आवडला, पण हिशेब उलटा पडतो. चिपाडात रस जवळजवळ राहत नाही. इथे शंभर उसांतल्या एकाचाच रस काढून सगळी मोळी गव्हाणीबाहेर काढल्यासारखं होतं.

आकडेच देते. आपल्या २२० मेगावॉट विजेच्या जड पाण्याच्या भट्टीतलं इंधनाचं एक बंडल, म्हणजे नळ्यांची जुडी, साधारण अर्धा मीटर लांब असतं. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या १९ नळ्या, त्यांत युरेनियम ऑक्साइडच्या पेलेट, म्हणजे छोट्या वड्या, एकापुढे एक भरलेल्या. युरेनियम सुमारे १३ किलो. वर्ष-दीड वर्ष भट्टीत राहून ते बाहेर येतं तेव्हा त्यातल्या शंभरेक ग्रॅमचंच विखंडन झालेलं असतं, म्हणजे तेवढेच अणू फुटलेले असतात. पन्नासेक ग्रॅम प्लुटोनियम नव्याने तयार झालेलं असतं. उरलेलं सगळं युरेनियमच. मग ते बाहेर का काढायचं? सहज फुटणारं युरेनियम-२३५ मुळातच शेकडा ०.७ असतं, ते ०.२ च्या आसपास उतरतं. शिवाय विखंडनातून तयार झालेली काही द्रव्यं न्यूट्रॉन गिळत बसतात, त्यामुळे साखळी क्रिया, म्हणजे एका अणूच्या फुटण्यातून पुढचे अणू फुटत जाणं, मंदावते. नळीलाही एवढे दिवस मारा सोसावा लागलेला असतो. म्हणजे 'संपलेलं' म्हणणंही चूकच.

गुरुजी, 'अणुकचरा'ला माझा विरोध याच कारणाने आहे. आपल्या देशाचं धोरण होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आखणीपासून ठरलेलं आहे: हे इंधन पुन्हा प्रक्रियेला न्यायचं, त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं करायचं आणि प्लुटोनियम पुढच्या टप्प्यातल्या भट्ट्यांना द्यायचं. ट्रॉम्बेला असा कारखाना १९६४ मध्येच सुरू झाला, पुढे तारापूर आणि कल्पाक्कमला झाले. नळ्यांचे तुकडे करून ते उकळत्या नायट्रिक आम्लात टाकतात. आतलं इंधन विरघळतं, नळीचे तुकडे तसेच राहतात. त्या द्रावणातून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतल्यावर जे उरतं त्याला कचरा म्हणा, माझी हरकत नाही. तो काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. त्यातूनही आता सीझियम-१३७ वेगळं काढतात, त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवतात आणि त्या रक्तपेढ्यांतल्या किरणन यंत्रांत बसवतात. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशा रुग्णांना देण्याआधी रक्त त्या यंत्रातून काढतात. भट्टीतून आलेल्या सगळ्यालाच सरसकट कचरा म्हटलं तर मुलांना या कामाचा गाभाच कळणार नाही.

कराडचे गुरुजी:
एवढं तपशिलात गेल्यावर माझा आग्रह नाही. कचरा शब्द काचेतल्या द्रव्यासाठी राखून ठेवा. पण मग 'जळालेलं'ला काय झालं? वर्गात मी तेच सांगत आलो, आणि इंधन जळणारच ना!

मिरजकर:
'जळालेलं' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे राख येते. राख विझलेली, हलकी, हातात घेता येणारी. इथे राख नाहीच. युरेनियम ऑक्साइडच्या रूपातच भट्टीत जातं, ऑक्सिजनशी त्याचं काही घडत नाही आणि वजनही दिसण्याइतकं घटत नाही. बाहेर येणारं बंडल आत गेलेल्यासारखंच दिसतं, फक्त नळ्यांची चकाकी गेलेली असते. आत गेलेलं नवं बंडल हातमोजे घालून उचलता येतं. तेच बंडल नुकतं बाहेर आलेलं असताना कुणी आडोशाशिवाय त्याच्याजवळ काही मिनिटं उभं राहिलं तर जिवावर बेतेल. दिसायला सारखं आणि धोका एवढा निराळा, म्हणूनच मला शब्दाची इतकी काळजी वाटते.

आम्ही ते बघतो हॉट सेलमध्ये. कॉंक्रीटची भिंत मीटरभराहून जाड, तिच्यात शिसं मिसळलेल्या काचेची तेवढीच जाड खिडकी. काच पिवळसर असते. बाहेर आपण हात फिरवायचे आणि आतले यांत्रिक हात तसेच फिरतात. बोटांना वजन कळतं, खरखरीतपणा कळत नाही, म्हणून नवा माणूस पहिले काही महिने नळी धरायलाच शिकतो. आधी नळी सरळ आहे का, फुगली आहे का, कुठे चरा पडलाय का ते बघायचं. मग तिला बारीक भोक पाडून आत साचलेले झेनॉन आणि क्रिप्टॉन वायू मोजायचे. शेवटी नळीचा आडवा काप घ्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. भट्टीत जाताना अखंड असलेल्या पेलेटला मध्यापासून कडेपर्यंत भेगा गेलेल्या दिसतात, कारण मध्यभागी प्रचंड उष्णता आणि कडेला त्यामानाने गारवा. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. एखाद्या भेगेच्या टोकाशी तिला आतून कातर पडली आहे का, हे शोधण्यात माझे आठवडे जातात, आणि मला ते काम मनापासून आवडतं. पुढचं इंधन कसं घडवायचं, भट्टीत किती दिवस ठेवायचं, ते यावरून ठरतं.

वाईकर:
मग 'वापरलेलं इंधन'वर शिक्का मारा. 'वापरलेलं' शब्द नेमका आहे. वापरलेलं भांडं, वापरलेली गाडी म्हटल्यावर ती वस्तू टाकून द्यायची असं कुणी धरत नाही. धोक्याचं मात्र वेगळं सांगावं लागेल, ते या शब्दात नाही. दुसरी शंका: 'किरणोत्सारी' लिहिणार की 'किरणोत्सर्गी'?

मिरजकर:
शाळेच्या पुस्तकात 'किरणोत्सारी' आहे, तेच घेते. परीक्षेत मुलांचा गोंधळ नको.

मला जास्त अडलंय ते 'डिके हीट'पाशी. भट्टी बंद केली, साखळी क्रिया थांबली, तरी विखंडनातून तयार झालेली द्रव्यं आपापल्या गतीने किरणं टाकत राहतात आणि उष्णता निघत राहते. बंद केल्या क्षणी ती चालू भट्टीच्या उष्णतेच्या सहा-सात टक्के असते. २२० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत एकूण उष्णता साडेसातशे मेगावॉटच्या घरात, म्हणजे बंद भट्टीतही त्या क्षणी ४५-५० मेगावॉट. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, पुढे हळूहळू कमी होत जाते, पण वर्षानुवर्षं राहते. २०११ मध्ये फुकुशिमाला भट्ट्या भूकंपाबरोबर बंद झाल्या होत्या. घात केला तो या मागे राहिलेल्या उष्णतेने, कारण त्सुनामीनंतर वीज गेली आणि ही उष्णता काढून न्यायला पाणी फिरवता आलं नाही. याला शास्त्रीय मराठीत 'क्षयउष्णता' म्हणतात. आता वानलेसवाडीचं क्षयाचं सॅनेटोरियम ऐकून असलेल्या मिरजेच्या माणसाला 'क्षय' म्हटल्यावर काय आठवेल ते सांगायला नको!

वाळव्याहून:
ताई, सरळ 'धग' म्हणा. बॉयलर बंद केला तरी जवळ गेलं की जे लागतं ते. आमच्यात कुणी त्याला उष्णता म्हणत नाही.

कराडचे गुरुजी:
धग चांगला आहे. व्याख्येत 'क्षयउष्णता' एकदा लिहा, पुढे सगळीकडे धग. आणि बाहेर काढलेलं इंधन टाकीतल्या पाण्यात 'साठवतात' असं लिहू नका, साठवतात धान्य. 'निवत ठेवतात' लिहा.

मिरजकर:
गुरुजी, 'निवत ठेवणं' अगदी चपखल. धगही कमी होते आणि किरणोत्सारही, दोन्ही त्यात आलं. मसुदा असा केलाय: "अणुभट्टीतून बाहेर काढलेलं वापरलेलं इंधन अतिशय किरणोत्सारी असतं आणि त्याला मोठी धग असते. म्हणून ते काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत निवत ठेवतात. नंतर त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढून पुन्हा वापरता येतं. त्यानंतर उरतो तो अणुकचरा."

वाईकर:
दुसऱ्या वाक्यात 'खोल' टाकीला लागतंय की पाण्याला? 'टाकीत खोल पाण्याखाली' करा. बाकी छापायला द्या.