प्लॉटचा नफा, शेअरचा तोटा
गुहागरच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवर ३ लाख दीर्घकालीन नफा आणि त्याच वर्षी लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) शेअरमध्ये १ लाख तोटा, वजा होईल का, असं विचारलंय. होईल. शेअर १२ महिन्यांच्या आत विकलेले असोत (अल्पकालीन तोटा) वा नंतर (दीर्घकालीन), इथे दोन्ही तोटे चालतात. कर २ लाखांवर. उलट असतं, म्हणजे नफा अल्पकालीन नि तोटा दीर्घकालीन, तर एक रुपयाही वजा झाला नसता. (पगारातून तर कुठलाच नाही.)

वजा न होता उरलेला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. लोक नेमके इथेच फसतात: घाईत आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरतात, त्यात तोटा पुढे न्यायला रकानाच नाही. आयटीआर-२ घ्या.

कलमी झाडांची बाग विकण्याचं म्हणाल तर ती ग्रामीण शेतजमीन ठरली, की नफ्यावर कर नाही आणि तोट्याचाही उपयोग नाही.