४५ कोटी वर्षांपूर्वीचं प्रोटीन "परत बनवलं" म्हणजे नेमकं काय केलं?

उंबरठा: ४५ कोटी वर्षांपूर्वीचं प्रोटीन शास्त्रज्ञांनी परत बनवलं असं वाचलं, एक शंका आहे, कोणी सोपं करून सांगेल का. इतक्या जुन्या जीवाश्मात प्रोटीन टिकत नाही, डीएनए तर नाहीच नाही, मग सिक्वेन्स (प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम) आणला कुठून? मला तर हे अंदाजपंचे दाहोदरसे वाटतंय.

पिंपळपान: जीवाश्माचा यात संबंधच नाही. आज जिवंत असलेल्या ढीगभर प्राण्यांमधलं तेच प्रोटीन घ्यायचं, सिक्वेन्स एकाखाली एक लावायचे, वंशवृक्ष काढायचा आणि मग वृक्षाच्या प्रत्येक फाट्यावर, म्हणजे प्रत्येक समान पूर्वजात, प्रत्येक जागी कुठलं अमिनो आम्ल असण्याची शक्यता जास्त ते गणिताने काढायचं. पाउलिंग आणि झुकरकांडल या शास्त्रज्ञांनी हे १९६३ लाच सुचवलं होतं, पण तेव्हा ना फारसे सिक्वेन्स होते ना जीन बनवून मिळायचे. आता जीन बनवून घेतात, पेशीत टाकतात आणि प्रोटीन काय करतं ते बघतात. अंदाज आहेच, पण प्रत्येक जागेला संभाव्यतेचा आकडा असतो, डळमळीत जागांवर दोन नंबरचा पर्याय घालूनही प्रोटीन बनवतात, तरी तसंच वागलं तर निष्कर्ष टिकला.

सातवा_मजला: तुम्ही वाचलंत ते बहुतेक थॉर्नटन यांच्या ग्रुपचं काम, २००६ चं. कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही दोन हार्मोन्स, आणि रिसेप्टर म्हणजे हार्मोन ओळखून त्याला प्रतिसाद देणारं प्रोटीन. आपल्यात कॉर्टिसोलचा रिसेप्टर वेगळा आणि अल्डोस्टेरॉनचा वेगळा, दोन्ही रिसेप्टरांचा पूर्वज एकच. तो बनवून बघितला तर अल्डोस्टेरॉनलाही मस्त प्रतिसाद देतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा अल्डोस्टेरॉन अस्तित्वातच नव्हतं! जुन्या, तशाच आकाराच्या हार्मोनसाठीची खाच आयती कामी आली. पुढे कॉर्टिसोलवाल्या शाखेत दोन बदल महत्त्वाचे, १०६ व्या जागी सेरीनचं प्रोलीन आणि १११ व्या जागी ल्युसीनचं ग्लुटामीन (ही सगळी अमिनो आम्लं). दुसरा बदल एकटा केला तर रिसेप्टर जवळपास बंदच पडतो, आधी १०६ बदलला तर मात्र गाडी चालू राहते. म्हणजे बदल कुठल्या क्रमाने झाले असतील तेही कळतं, नुसते आजचे दोन रिसेप्टर शेजारी ठेवून हे कधीच कळलं नसतं.

उंबरठा: भारी! मग उलटे बदल करून परत जुना रिसेप्टर मिळतो का?

सातवा_मजला: नाही ना! २००९ मध्ये तेच करून बघितलं. मधल्या काळात आणखी पाच बदल झालेले, ते आधी काढल्याशिवाय जुना आकार बसतच नाही, प्रोटीन निकामी होतं.

खडूस_काका: सगळं खरं, पण "पूर्वीची प्रोटीनं जास्त उष्णता सहन करायची" असले दावे जरा जपून वाचा. दर जागी सगळ्यात शक्यतेचं अमिनो आम्ल निवडत गेलं की क्वचित दिसणारे, थोडे नुकसानीचे पर्याय आपोआप गळतात आणि प्रोटीन होतं त्यापेक्षा टिकाऊ दिसतं. २००६ मध्येच सिम्युलेशनने (संगणकावर उत्क्रांतीची नक्कल करून) दाखवलंय हे. संभाव्यतेच्या प्रमाणात वेगवेगळे पर्याय उचलून बरेच पूर्वज बनवले असतील तर मी विश्वास ठेवतो, एकाच सिक्वेन्सवर इमारत उभी केली असेल तर नाही.