मदत हवी आहे: मुलांची शेकोटी अंगठ्याएवढ्या लाकडावर येऊन विझते

११ ते १३ वर्षांची मुलं, चौघांचा एक गट, प्रत्येक गटाची छोटी शेकोटी. लाकूड वरून दमट असतं. व्हॅसलीन चोळलेला कापूस दोन-चार मिनिटं छान जळतो, काडीएवढ्या काटक्या धरतात, पेन्सिलीएवढ्याही तडतडायला लागतात. त्यावर अंगठ्याएवढी लाकडं ठेवली की पांढरा दाट धूर आणि खेळ खलास.

करून पाहिलेलं: खाली मनगटाएवढ्या लाकडांचा थर, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. लाकूड फोडून आतला कोरडा भाग वापरला. शंकूची रचना केली, वाऱ्याच्या बाजूला तोंड मोकळं ठेवलं. मुलं घाईने जाड लाकडं एकदम टाकतात आणि हवा कोंडते, हे दिसतंय. पण सावकाश घालणाऱ्या गटाचीही विझतेच.

रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही. फोडाफोड मोठी माणसंच करतात. पाण्याची बादली प्रत्येक शेकोटीजवळ असते.

पेन्सिलीएवढ्या काटक्या नेमक्या किती लागतात, एक मूठ की दोन्ही हातांची कवळ? आणि जाड लाकूड घालायची वेळ झाली हे मुलांनी कशावरून ओळखावं: ज्वाळेच्या उंचीवरून, की खाली निखारे धरल्यावरच?